डाग

गिटारच्या अँप्लिफायरच्या, म्हणजे अँपच्या, पाठीचे आठ स्क्रू काढले, प्लायवूडची फळी बाजूला ठेवली, आत टॉर्च मारला आणि सगळ्यात आधी दिसली ती रिफिलची नळी. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा इंचभर तुकडा, आत वाळलेल्या निळ्या शाईचा ओघळ, आणि त्यात खुपसलेलं हिरव्या वायरीचं कापलेलं टोक. वर शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे आणि घट्ट गाठ. टेपला पैसे नसायचे तेव्हा उघड्या वायरीवर रिफिल चढवायची आणि आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा बांधायचा, ही अकरावीतली माझी पद्धत. रिफिल पुष्कळ जण वापरायचे, पण दोरा मी एकटाच बांधायचो आणि त्यावरून मित्र चिडवायचेही. शाळेची जुनी वही हातात पडावी आणि आपलंच अक्षर दिसावं, तसं झालं. पहिल्या क्षणी, खरं सांगतो, बरं वाटलं. ३६ वर्षं टिकलंय की! मग टॉर्च त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकवला.

ती अर्थची वायर होती.

अँप मामाचा. दिवाळीच्या आधी त्याचा सांगलीहून फोन आला होता. ‘अरे, माळ्यावरचा डबा खाली काढलाय. नातू गिटार शिकतोय ना, मागे लागलाय. लावून बघितला त्यानं, पण नुसता घूं करतोय, गिटार मागं कुठंतरी ऐकू येते. तू बघतोस का एकदा?’ मी हो म्हणालो, कारण मामाला नाही म्हणायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. कुणाच्या तरी गाडीच्या डिकीतून तो पुण्याला आला. काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या, पुढे जुन्या रेडिओला असायचं तसं चंदेरी धाग्याचं कापड, आत बारा इंची स्पीकर. नावाची पाटी नाहीच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लॅमिंग्टन रोडवरच्या कुणा कारागिरानं, एका खलाशानं आणलेल्या अमेरिकन अँपवरून तो उतरवून काढला, असं मामा सांगतो. फळी काढल्यावर आतून वास आला तो मात्र ना धुळीचा ना जळक्या वायरीचा. हळदीचा. माळ्यावर वर्षानुवर्षं हळदीच्या पोत्याशेजारी राहून स्पीकरच्या कागदी कोनावर पिवळट पुटं चढली होती. सांगलीच्या माणसाला त्या वासाचं काही वाटत नाही. पुण्यातल्या माझ्या कामाच्या खोलीत मात्र पुढचे पंधरा दिवस कुणाची तरी हळद लागल्यासारखं वाटत होतं.

जुना अँप सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावायचा नाही, हे आता मला कळतं. वाटेत सिरीजमध्ये एक बल्ब टाकायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि तसाच राहतो; सगळं ठीक असेल तर क्षणभर उजळतो, मग विझत आल्यासारखा लालसर होतो. यासाठी तारेचाच बल्ब लागतो, एलईडीला यातलं काही कळत नाही. तो शोधायला मला तीन दुकानं फिरावी लागली. शेवटी एका किराणावाल्यानं मागच्या फळीवरून १०० वॉटचा काढून दिला आणि ‘पोल्ट्री आहे का तुमची?’ असं विचारलं. अँप लावला. बल्ब उजळला, थोडा उतरला आणि हवा त्याहून बराच वर थांबला. म्हणजे शॉर्ट नाही, पण कुणीतरी आत नको तेवढं पीत बसलंय. ५० व्होल्टचा सप्लाय, तेव्हा दोन पॉवर ट्रान्झिस्टरच्या मधल्या बिंदूवर बरोबर निम्मे, २५ हवेत. मीटर ३४ दाखवत होता. वरचा ट्रान्झिस्टर गळत होता आणि खालचा बिचारा त्याला आवरता आवरता तापला होता.

आणि स्पीकरमधून येत होतं ते ‘घूं’. हमिंग म्हणजे एकच गोष्ट असं लोकांना वाटतं, पण कान लावला तर त्यालाही सूर असतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून ती निघाली की १०० होते, आणि मोठा फिल्टर कंडेन्सर सुकला असेल तर हे १०० हर्ट्झ थेट स्पीकरपर्यंत पोचतात. गिटारच्या सगळ्यात जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी हा ९८ हर्ट्झचा. तो वाजवून धरला आणि मागे हमिंग असलं की सेकंदाला दोन हिंदकळे ऐकू येतात, पाण्यावर होडी हलावी तसे. अमेरिकेतल्या अँपचं हमिंग १२० चं, ते ए शार्प आणि बीच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतं. आपलं निदान एका सुराच्या जवळ तरी आहे. चढा आहे, पण जवळ. घूंचा सूर असा ओळखायला लागलो की निम्मं निदान झालेलं असतं: १०० चं असेल तर कंडेन्सर बघा, ५० चं असेल तर अर्थ आणि केबली बघा.

हे ५० चं आणि १०० चं मला १९८८ साली माहीत नव्हतं.

ट्रान्झिस्टर आणायला तपकीर गल्लीत गेलो. या अँपात सगळ्यांचा जुना मित्र आहे, २एन३०५५. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं आणलेला, शंकरपाळ्याच्या आकाराच्या धातूच्या बैठकीवर गोल टोपी, ६० व्होल्ट आणि १५ अँपिअर सोसणारा. आपल्याकडे बॅटरी एलिमिनेटरपासून देवळाच्या भोंग्यापर्यंत तो कुठे नव्हता ते सांगणं सोपं. अँपात असे दोन लागतात. खरं तर एक एनपीएन आणि त्याला जोडीदार म्हणून उलट जातीचा पीएनपी हवा. पण तसा दणकट सिलिकॉन पीएनपी तेव्हा सहज आणि स्वस्तात मिळत नसे, म्हणून दोन्ही एनपीएनच घ्यायचे आणि एकाच्या पुढे छोटासा पीएनपी बसवून त्याला पीएनपीचं सोंग घ्यायला लावायचं. सोंग चांगलं वठतं, फक्त अगदी हळू आवाजात ते उघडं पडतं. सूर विरत जाताना शेवटी पत्र्यावर वाळू घासल्यासारखी खर्र येते. ती घालवायला बायस नावाचा एक छोटा स्क्रू नखभर फिरवून दोघांना थोडंसं जागं ठेवावं लागतं. झोपू दिलं तर खर्र, फार जागवलं तर तापतात. या स्क्रूवर माझी एक अख्खी रात्र गेली आणि ती रात्र वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही.

हल्ली बाजारात खोटे ३०५५ फार. वर छापलेलं सगळं बरोबर असतं, वजनानं मात्र हलके लागतात. पहिली जोडी तशीच निघाली, दहा मिनिटांत गेली. राग म्हणून एकाची टोपी करवतीनं कापून पाहिली. आत चिप मुगाच्या डाळीएवढी. दुसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकानं ती टोपी हातात घेतली, चष्मा वर केला आणि काही न बोलता खालच्या खणातून दोन जुने, कळकट, जड ट्रान्झिस्टर काढून दिले. पैसे मात्र नव्याच्या तिप्पट घेतले.

गिटारवाल्या मंडळींत अशा ट्रान्झिस्टरच्या अँपला फारशी किंमत नाही. त्यांना व्हॉल्व्हचा अँप हवा असतो, तो आवाज फाटतानाही गोड फाटतो. रोलँडचा १९७५ चा जेसी-१२० सोडला तर या जातीतल्या फार थोड्यांच्या वाट्याला कौतुक आलं. मला ते पटतंही आणि नाहीही. जुलै महिन्यात टेम्पोच्या मागं, ढोलकं आणि हार्मोनियमच्या खाली, कवठेमहांकाळच्या रस्त्यावरून दर दोन दिवसांनी काचेच्या व्हॉल्व्हचा अँप नेऊन दाखवावा कुणीतरी. मामाच्या ऑर्केस्ट्राचा हा डबा भिजला, आपटला, एकदा त्याच्यावर तबलजी झोपला, पण कार्यक्रमाच्या वेळी बोलला नाही असं झालं नाही. हे ट्रान्झिस्टर मरताना आधी सूचना देत नाहीत एवढाच त्यांचा दोष. माणसांतही असे असतात.

तर, १९८८. गणपतीचे दिवस. ऑर्केस्ट्रानं त्या वर्षी हप्त्यावर नवा मिक्सर घेतला होता आणि पहिल्यांदाच मामाच्या अँपमधून एक केबल काढून मिक्सरला दिली होती, म्हणजे गिटार मोठ्या खोक्यांतून घुमेल. घुमली. पण तिच्याबरोबर असा काही घूं सुरू झाला की निवेदकाचं ‘रसिकहो’ त्यात बुडालं. अँप स्टेजवरच्या बोर्डाला लावलेला, मिक्सर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मंडळाच्या मीटरवर. दोन्हीकडे अर्थ, मधून केबलीची जाळी, म्हणजे विजेला फिरायला प्रदक्षिणेची वाट तयार. आज हे एका वाक्यात लिहितोय. तेव्हा मी स्टेजच्या मागे ताडपत्रीवर उकिडवा बसून एकेक वायर हलवून पाहत होतो. अँपचा प्लग अर्धवट बाहेर ओढला, अँप बंद, पण घूं चालूच. पूर्ण ओढला आणि घूं थांबला. पुन्हा खोचला, सुरू. लांब पिन, जाड पिन, अर्थची पिन. मला उत्तर सापडलं होतं. पाठ उघडली, नेलकटरनं हिरवी वायर तोडली, रिफिल, दोरा, गाठ. पाच मिनिटं. नंतरची शांतता मला अजून आठवते. मांडवभर फक्त ट्यूबलाइटची चोक आणि कुठेतरी रडणारं एक पोर. मामानं माइक ओढून घेतला आणि सगळ्या गावासमोर सांगितलं, ‘हा आमचा भाचा. आजपासून आमचा साउंड इंजिनियर.’ टाळ्या पडल्या. मी पुढे इलेक्ट्रॉनिक्सला गेलो त्याचं कारण लोक मार्क समजतात. कारण त्या टाळ्या होत्या.

आणि ‘माइक चावतो’ हे मामाचं वाक्यही त्याच सुमाराचं.

घरातला तो विनोदच होऊन गेला होता. मामा गिटार वाजवता वाजवता कोरसला तोंड पुढे करायचा आणि दचकून मागे व्हायचा. खालच्या ओठाला मुंगी डसल्यासारखं व्हायचं म्हणे. मामीनं एक चौकटीचा रुमाल खास त्यासाठी ठेवला होता, तो माइकला गुंडाळलेला असायचा आणि लोकांना ती मामाची स्टाइल वाटायची. गंमत म्हणजे मोठ्या कार्यक्रमांत, मिक्सर असायचा तिथे, माइक कधी चावला नाही. चावायचा बारशा-मुंजीच्या, गल्लीतल्या छोट्या कार्यक्रमांत. तिथे मिक्सर नेत नसत, गल्लीतलाच एक माइकवाला त्याचा सेट आणि दोन भोंगे घेऊन यायचा. मग दोष कुणाचा, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. दोन वर्षं मामानं त्याला ऐकवलं. ‘करंट मारतो तुझा सेट. कुणी मेलं म्हणजे?’ तो दर वेळी सेट उघडून दाखवायचा, नवी वायर घालून आणायचा, एकदा तर अख्खं ट्रान्सफॉर्मर बदलून आला. शेवटी एका हळदीच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर वाजलं आणि त्याचं काम बंद झालं. मी तिथे होतो. मला कुणी विचारलं असतं तर, साउंड इंजिनियर या नात्यानं, मीही सेटचाच दोष सांगितला असता. बहुधा सांगितलाही असेल. नक्की आठवत नाही, आणि न आठवणं सोयीचं आहे हे मला समजतं.

टॉर्च हातात धरून मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे. हिरव्या वायरीच्या शेजारी, मेनच्या वायरीतून थेट चॅसीवर, म्हणजे अँपच्या पत्र्याच्या सांगाड्यावर टाकलेला, मेणात बुडवल्यासारखा एक तपकिरी कंडेन्सर होता. ०.०४७ मायक्रोफॅरड. त्या काळच्या अमेरिकन अँपांत हा असायचा, हमिंग कमी करायला. तिकडचे मेकॅनिक त्याला आता डेथ कॅप, म्हणजे मरणाचा कंडेन्सर, म्हणतात. आपल्या कारागिरानं इमानेइतबारे नक्कल केली, फक्त तिकडची वीज ११७ व्होल्टची आणि आपली २३० ची, हे नकलेत उतरलं नाही. कागद घेऊन हिशेब केला. यातून सुमारे ३.४ मिलीअँपिअर चॅसीवर येतात. अर्थ जागेवर असेल तर ते मुकाट्यानं जमिनीत जातात. अर्थ तोडली तर ते गिटारच्या केबलीतून तिच्या तारांवर येऊन वाट बघत बसतात. मिक्सरची केबल लावलेली असली की तिच्या जाळीतून त्यांना वाट मिळायची, म्हणून मोठ्या कार्यक्रमात मामा सुखरूप. केबल नसली की वाट एकच: तारा, मामाची बोटं, मामाचा ओठ, माइकची जाळी. १ मिलीअँपिअर माणसाला जाणवतो. ३.४ चांगलेच चावतात. आणि हा जुना कंडेन्सर एखाद्या रात्री शॉर्ट झाला असता, तर चावण्याचा प्रश्नच नव्हता. १९७२ साली स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सीला असाच गेला, स्टेजवर, हातात गिटार, माइकला स्पर्श. तिथे दोष माइकच्या बाजूला होता, एवढाच फरक.

मी स्वतःला समजावलंही. खेड्यातल्या निम्म्या सॉकेटांना अर्थ नसायचीच, तिथे वायर न तोडताही चावलं असतं. तो कंडेन्सर मी लावलेला नव्हता. सोळा वर्षांचा होतो. सगळं खरं. पण मागच्या महिन्यात मामाचा पंधरा वर्षांचा नातू हा अँप लावून, अनवाणी, फरशीवर उभा राहून वाजवून मोकळा झाला होता, हेही खरं.

डाग देणं हा शब्द आम्ही सोल्डरिंगला वापरायचो. ‘नीट डाग दे’, ‘डाग सुटलाय’. तो कंडेन्सर काढताना सोल्डरिंग आयर्न तापली, राळेचा धूर डोळ्यांत गेला आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचा तो करकरीत डाग काही केल्या वितळेना. नवी तीन वायरींची केबल घातली. अर्थची वायर डाग देऊन नाही, दातेरी वायसर घालून बोल्टानं चॅसीला कसली, आणि बाकीच्या दोघींपेक्षा दोन बोटं लांब ठेवली, म्हणजे कुणी केबल हिसकली तरी ती सगळ्यात शेवटी तुटेल. मिक्सरला जाणाऱ्या वाटेवर एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवला. दोन वेटोळी शेजारी शेजारी, एकमेकींना न शिवता निरोप पोचवतात. सूर जातो, प्रदक्षिणा तुटते. हमिंगवरचा हा खरा इलाज. तो तेव्हाही होता. नेलकटर हाताशी होतं, एवढंच.

अँप घेऊन मीच सांगलीला गेलो. मामा आता ७६ चा. बोटांची पेरं सुजलेली, पण गिटार मांडीवर घेताना पाठ आपोआप ताठ झाली. नातवानं आधी वाजवलं, भरभर, बरंच काही. मग मामानं घेतली आणि एकच सूर, तिसऱ्या पडद्यावरचा तो जी, वाजवून धरून ठेवला. तो विरत विरत गेला, शेवटी खर्र आली नाही, हिंदकळाही आला नाही. मामानं माझ्याकडे पाहिलं. ‘स्वच्छ आहे रे. त्या गणपतीतल्यासारखं केलंस. तेव्हा काय केलं होतंस सांग की, हा विचारतोय.’ नातू खरंच माझ्याकडे बघत होता.

मी खिशातून रिफिलची नळी काढून पलंगावर ठेवली. दोरा अजून बांधलेलाच होता. सांगितलं सगळं, आकडे गाळून. सांगताना मला वाटत होतं की मामा हसेल, ‘जाऊ दे रे, पोर होतास’ म्हणेल, आणि मला तेच ऐकायचं होतं. तो हसला नाही. नळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मग त्याचा हात, बहुधा त्यालाही न कळता, खालच्या ओठाकडे गेला.

‘म्हणजे सेट चांगला होता त्याचा,’ मामा म्हणाला.

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता. नातवानं हळूच गिटारचा आवाज शून्यावर आणला. मामानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, गिटार पलंगावर आडवी ठेवली आणि पलंगाखाली पायानं चपला शोधायला लागला. ‘मोबाइलचं दुकान टाकलंय त्यानं हरभट रोडला. आठला बंद करतो. ऊठ.’

साडेसात झाले होते. मी अँपचा प्लग काढला, नळी खिशात टाकली आणि मामाच्या मागे जिना उतरलो.